आयसीडीचा जनरेटर बदलला, एक लीड काढली, एक ठेवली : कोड कोणते?

ताम्हण

नमस्कार मंडळी. मी हिंजवडीत अमेरिकन कार्डिओलॉजी ग्रुपसाठी प्रो-फी कोडिंग करते, म्हणजे डॉक्टरांच्या कामाच्या बिलांना कोड लावते. दोन वर्षं झाली. बहुतेक काळ ऑफिस व्हिजिट, ईसीजी आणि इको यांतच गेला, ईपीचे (हृदयाच्या विद्युत विकारांचे) चार्ट गेल्या महिन्यापासून हातात आलेत. त्यातला एक क्लेम परत आलाय आणि दोन रात्री तोच डोक्यात आहे.

ऑप नोटचं शीर्षक : 'ड्युअल चेंबर आयसीडी जनरेटर चेंज'. (नव्या वाचकांसाठी : आयसीडी म्हणजे ठोका बिघडला की शॉक देणारं, छातीत बसवलेलं यंत्र. जनरेटर हा त्याचा बॅटरीचा डबा, लीड म्हणजे हृदयात जाणारी तार, ड्युअल चेंबर म्हणजे हृदयाच्या दोन कप्प्यांसाठीचं.)

आतला मजकूर थोडक्यात असा. डावं पॉकेट (डब्याची कातडीखालची जागा) उघडलं, जुना जनरेटर सोडवून बाहेर काढला. आरव्ही (उजव्या खालच्या कप्प्यातल्या) लीडचा इम्पिडन्स (विद्युत विरोध) खूप वाढलेला, नॉइज येत होता, पेशंटला कारण नसताना शॉक बसले होते. ती लीड लेझर शीथ (लीडवरून सरकवायची नळी) वापरून संपूर्ण काढली. त्या जागी नवी आरव्ही आयसीडी लीड बसवली. एट्रियल (वरच्या कप्प्यातली) लीड तपासली, उत्तम चालत होती, तीच ठेवली. नवा ड्युअल चेंबर जनरेटर जोडला, पॉकेट शिवलं.

मी लावलेले कोड : ३३२६३ (जनरेटर बदल), ३३२४४ (लीड काढणं), ३३२१६ (नवी लीड) आणि फ्लुरोस्कोपीसाठी (चालत्या एक्स-रेसाठी) ७६०००. पेअरने (विमा कंपनीने) ३३२१६ आणि ७६००० 'समाविष्ट' म्हणून नाकारले. क्यूएने (आमच्याकडच्या तपासनीसाने) तर ३३२६३ सुद्धा चूक म्हणून धरला, पण कारण एका ओळीत लिहून चार्ट बंद केला. ती एक ओळ मला पुरत नाही. कुणी नीट समजावेल का?

कोकणकडा

ताम्हण, उत्तर देतो, पण आधी एक गोष्ट. तुमच्या पोस्टमध्ये शस्त्रक्रियेची तारीख आणि गावाचं नाव होतं, ते मॉडरेटरना सांगून मी काढायला लावलंय. हिपामध्ये (अमेरिकेच्या रुग्णगोपनीयतेच्या कायद्यात) वर्ष सोडून कुठलीही नेमकी तारीख ही ओळख पटवणारी माहिती धरतात. नाव नाही टाकलं म्हणजे झालं, असं नसतं. राग मानू नका, तुमची नोकरी यावर जाऊ शकते.

आता केस. मी ऐरोलीत ऑडिटला आहे, कार्डिओलॉजीत अकरा वर्षं. या गटातला प्रत्येक चार्ट उघडताना मी कोऱ्या कागदावर तीन रकाने पाडतो : काय बाहेर आलं, काय आत राहिलं, काय नवं आत गेलं. ऑप नोटचं शीर्षक त्या वेळी बघतच नाही, कारण ते बहुतेकदा ओटी बुक करतानाचं असतं. डॉक्टर जनरेटर बदलायला म्हणूनच आत गेलेले असतात. लीड तुटलीय हे पॉकेट उघडल्यावर पक्कं होतं आणि शीर्षक तसंच राहतं.

तुमच्या केसमध्ये :
बाहेर आलं : आयसीडी जनरेटर, आरव्ही लीड.
आत राहिलं : एट्रियल लीड.
नवं गेलं : जनरेटर, आरव्ही आयसीडी लीड.

३३२६२, ३३२६३, ३३२६४ हे तिन्ही कोड फक्त बॅटरी संपलेल्यांसाठी आहेत असं समजा. जुना डबा काढला, नवा डबा जुन्याच तारांना जोडला, इतकंच त्यात बसतं. २०१२ च्या सीपीटीत (डॉक्टरांच्या कामांच्या कोडचं अमेरिकन पुस्तक) हे कोड आले. त्याआधी काढण्याचा एक आणि बसवण्याचा एक असे दोन कोड लावायचो. पेसमेकरसाठी त्यांचे भाऊ ३३२२७, ३३२२८, ३३२२९. शिरेतून उजव्या कप्प्यांत एकही नवी लीड गेली की या गटातून बाहेर पडायचं. मग जनरेटर काढल्याचा कोड वेगळा, लीड काढल्याचा वेगळा आणि नवी लीड अधिक नवा जनरेटर मिळून एक.

म्हणजे : ३३२४१, ३३२४४, ३३२४९.

३३२४९ मध्ये 'सिस्टीम' शब्द आहे म्हणून दोन्ही लीड नव्या असायला हव्यात असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं नाही. जनरेटरसोबत एक लीड नवी असली तरी हाच कोड. ३३२१६ वेगळा लागतो तो जनरेटर तोच ठेवून फक्त लीड नवी घातली तर. समजा तुमच्या डॉक्टरांनी जुनाच जनरेटर परत जोडला असता, तर ३३२४४ आणि ३३२१६ बरोबर होते. सीपीटीच्या पुस्तकात ३३२१६ खाली कंसातली लांबलचक यादी आहे, कशाकशासोबत लावू नये याची. त्यात ३३२६३ पण आहे आणि ३३२४९ पण. ती यादी एकदा पेन्सिलने अधोरेखित करून ठेवा.

फ्लुरोस्कोपी या सगळ्या कोडमध्ये धरलेलीच असते. २०१२ पूर्वी ७१०९० नावाचा वेगळा कोड होता, तो रद्द झाला. ७६००० लावून ती मागच्या दाराने आणता येत नाही.

डीएफटी टेस्टिंग (शॉक नीट लागू पडतो का याची चाचणी) केलं होतं का? केलं असेल आणि नोटमध्ये नीट लिहिलं असेल तर ९३६४१ मिळतो, हॉस्पिटलमध्ये असल्यामुळे २६ मॉडिफायरसह (मॉडिफायर म्हणजे कोडला जोडायचा दोन अंकी खुलासा, २६ म्हणजे फक्त डॉक्टरांचा वाटा). तो सोडू नका.

ताम्हण

कोकणकडा दादा, मनापासून आभार. तीन रकान्यांनी डोक्यात लख्ख प्रकाश पडला. डीएफटी केलेलं नाही, 'डिफर्ड' लिहिलंय.

अजून दोन शंका. डायग्नोसिस मी टी८२.११०ए लावलाय, लीडचा मेकॅनिकल ब्रेकडाउन. क्यूएने त्यावरही प्रश्नचिन्ह टाकलंय. आणि लेझर वापरलं त्याचे काहीच वेगळे पैसे नाहीत का? नोट वाचताना माझ्याच हाताला घाम फुटला होता.

सातभाई

लेझरबद्दल मी सांगते. मी न्यू जर्सीत ईपी लॅबमध्ये नर्स आहे, मूळची सांगलीची.

वर्षाच्या आत बसवलेली लीड काढणं आणि नऊ-दहा वर्षांची लीड काढणं या दोन वेगळ्या दुनिया आहेत. हार्ट रिद्म सोसायटीच्या व्याख्येत पहिल्याला एक्सप्लांट म्हणतात आणि दुसऱ्याला एक्स्ट्रॅक्शन. लीडला वर्ष उलटून गेलं असेल किंवा बसवताना लागत नाहीत अशी खास हत्यारं लागली, तर ते एक्स्ट्रॅक्शन. नवी लीड असेल तर स्टायलेट घालून टोकाचा स्क्रू उलटा फिरवला की हलक्या हाताने सुटून येते, मिनिटांचं काम.

जुनी लीड शिरेच्या भिंतीला आणि हृदयाच्या आतल्या बाजूला चिकटून बसलेली असते. आधी तिच्या पोटात लॉकिंग स्टायलेट घालून तो आतून घट्ट करतात, म्हणजे ओढताना लीड ताणून तुटत नाही. मग तिच्यावरून लेझर शीथ सरकवतात. ३०८ नॅनोमीटरचा एक्झायमर लेझर, पायाने पेडल दाबून थोडा थोडा वेळ चालवायचा. शीथ इंचाइंचाने पुढे जाते. वरची महाशीर जिथे उजव्या कप्प्याला मिळते त्या वळणावर सगळे श्वास रोखून असतात, कारण तिथे शीर फाटली तर हाताशी वेळच नसतो. म्हणून पेशंटची छाती आधीच साफ करून ठेवलेली असते, हार्ट सर्जन बोलावल्या क्षणी हजर होईल असा असतो, रक्ताच्या पिशव्या खोलीत असतात. ऑपरेशन संपल्यावर ती लीड मी ट्रेमध्ये घेते तेव्हा तिच्या अंगावर पांढरट, चिवट कवच असतं, उसाच्या पेराला असावं तशा गाठी. ते बघितलं की कळतं हात एवढे का अवघडले होते.

आणि कोड? दोन्हीला ३३२४४. मला याचं वाईट वाटतं, खरंच वाटतं.

कोकणकडा

सातभाई ताई, हे असं लिहिलेलं मी अकरा वर्षांत कुठल्या ट्रेनिंगमध्ये ऐकलं नाही. माझ्या टीमला वाचायला देतो.

कोडिंगच्या बाजूने : लेझर, मेकॅनिकल कटर की नुसतं ओढणं, यावरून ३३२४४ बदलत नाही. लीड एक काढली की दोन, तरी युनिट एकच, कारण व्याख्येत सिंगल किंवा ड्युअल चेंबर दोन्ही धरलेत. वाट फक्त २२ मॉडिफायरची आहे, काम नेहमीपेक्षा बरंच जास्त झालं म्हणून. पण 'लेझर वापरलं' एवढ्यावर पेअर एक पैसा देत नाही. नोटमध्ये लीडचं वय हवं, कुठे कुठे चिकटली होती ते हवं, किती वेळ गेला, नेहमी किती जातो आणि या पेशंटमध्ये अवघड का झालं, हे डॉक्टरांच्या शब्दांत हवं. क्लेमसोबत ऑप नोट जायला हवी. तुमच्या नोटमध्ये लीडचं वय आहे का?

डायग्नोसिसबद्दल क्यूए बरोबर आहे. इम्पिडन्स वाढला, नॉइज आला, शॉक बसले, ही निरीक्षणं झाली. लीड तुटली असा शब्द डॉक्टरांनी लिहिलाय का? आपल्याला शंभर टक्के खात्री असली तरी आकड्यांवरून निदान आपण करायचं नाही. डॉक्टरांना क्वेरी टाका. प्रश्न मोकळा ठेवा, 'फ्रॅक्चर होतं ना?' असं उत्तर तोंडात घालू नका. सोबत लीडच्या वयाचाही प्रश्न विचारा.

अंगतपंगत

मी नागपूरला सीपीसी या कोडिंगच्या परीक्षेची तयारी करतोय, अजून नोकरी नाही. दोन प्रश्न विचारू का?

एक, ड्युअल चेंबर आयसीडीच्या चित्रात जनरेटरच्या डोक्यावर चार छिद्रं दिसतात आणि चार पिना. मग ही मल्टिपल लीड सिस्टीम नाही का?

दोन, पेसमेकरला इन्फेक्शन झालं, सगळं काढलं आणि पाच दिवसांनी उजव्या बाजूला नवा बसवला. सगळं एका क्लेममध्ये की वेगळं?

सातभाई

पहिल्याचं मी सांगते. जुन्या पद्धतीच्या आयसीडी लीडला शेवटी तीन फाटे असतात. एक पेसिंग-सेन्सिंगचा (ठोका देणं आणि ओळखणं) आयएस-१, आणि दोन कॉइलचे (शॉक देणाऱ्या भागांचे) दोन डीएफ-१. पिना तीन, पण हृदयात जाणारी तार एकच. चौथी पिन एट्रियल लीडची. नव्या डीएफ-४ लीडला सगळं मिळून एकच पिन असते, तेव्हा हा गोंधळ होत नाही. पिना मोजू नकोस, हृदयाचे किती कप्पे पेस आणि सेन्स होतात ते मोज. एक कप्पा सिंगल, दोन ड्युअल, तीन किंवा जास्त मल्टिपल.

कोकणकडा

अंगतपंगत, दुसरा प्रश्न मुलाखतीत हमखास येतो, म्हणून सविस्तर लिहितो.

पहिला दिवस. ड्युअल पेसमेकर, जनरेटर आणि दोन्ही लीड शिरेतून काढल्या : ३३२३३ आणि ३३२३५. पेसमेकरच्या लीडना आयसीडीसारखी सवलत नाही, सिंगल सिस्टीम ३३२३४ आणि ड्युअल ३३२३५ असे वेगळे कोड आहेत. छाती उघडून काढल्या तर ते कोड पूर्ण वेगळे, तिकडे आत्ता जात नाही. डायग्नोसिस टी८२.७एक्सएक्सए (यंत्राचं इन्फेक्शन), जंतू कळला असेल तर त्याचा कोड जोडीला, उदाहरणार्थ एमआरएसए या जंतूसाठी बी९५.६२.

शेवटच्या 'ए' ला 'पहिली भेट' समजून पुढच्या खेपेला 'डी' लावतात, ही मला ऑडिटमध्ये सगळ्यात जास्त दिसणारी चूक. सक्रिय उपचार चालू आहेत तोवर 'ए'.

सहावा दिवस. नवा पेसमेकर, नव्या दोन लीड : ३३२०८, ५८ मॉडिफायरसह. काढण्याच्या कोडना ९० दिवसांचा ग्लोबल (ऑपरेशननंतरची देखभाल त्याच पैशांत धरलेला काळ) आहे आणि इन्फेक्शन उतरल्यावर नवा बसवायचा हे आधीच ठरलेलं होतं, म्हणून ५८. अट एकच, पहिल्या नोटमध्ये तसा बेत लिहिलेला हवा. मुख्य डायग्नोसिस पेसमेकर ज्या आजारासाठी लागतो तो, म्हणजे सिक सायनस असेल तर आय४९.५, पूर्ण ब्लॉक असेल तर आय४४.२. उजवीकडे नवं पॉकेट केलं म्हणून ३३२२२ लावू नकोस, नव्या पेसमेकरचं पॉकेट ३३२०८ मध्येच आलं.

आता याच केसला एक पीळ देतो. मूळ पेसमेकर दीडच महिन्यापूर्वी त्याच डॉक्टरांनी बसवला असेल तर? मग काढणं हे ९० दिवसांच्या आत, न ठरवता ओटीत परत जाणं झालं. तिथे ७८. त्यात फक्त ऑपरेशनपुरते पैसे मिळतात आणि नवा ग्लोबल सुरू होत नाही. ५८ मध्ये पूर्ण पैसे आणि नवा ग्लोबल. पेशंट तोच, ओटी तीच, पण मॉडिफायर चुकला की प्रोव्हायडरचं नुकसान किंवा नको ते पैसे घेतल्याचा ठपका.

गवतीचहा

मी फॅसिलिटी साइडला, म्हणजे हॉस्पिटलच्या बिलांवर आहे. आमच्याकडचा एक मुद्दा प्रो-फीवाल्यांना दिसत नाही, पण तो महत्त्वाचा आहे.

काढलेला जनरेटर किंवा लीड वॉरंटीत असेल, किंवा कंपनीने परत बोलावलेली असेल, तर कंपनी हॉस्पिटलला नव्या उपकरणाची किंमत पूर्ण किंवा काही प्रमाणात परत देते. ती परतफेड नव्या उपकरणाच्या किमतीच्या निम्मी किंवा जास्त असेल तर मेडिकेअरला कळवावंच लागतं. वेळेआधी बिघडलं तर कंडिशन कोड ४९, रिकॉल असेल तर ५०, आणि मिळालेली रक्कम व्हॅल्यू कोड एफडीसमोर. खरी अडचण अशी की क्रेडिट मिळतं खरेदी विभागाला, तेही क्लेम जाऊन काही आठवडे झाल्यावर. कोडरला पत्ताच नसतो. अमेरिकेच्या आरोग्य खात्याच्या महानिरीक्षकांनी यावर अनेक हॉस्पिटलांचे ऑडिट केलेत आणि पैसे परत मागितलेत.

रिकॉल म्हणजे किती मोठी गोष्ट असते ते स्प्रिंट फिडेलिसवरून कळतं. मेडट्रॉनिकची ती आयसीडी लीड २००७ च्या ऑक्टोबरमध्ये बाजारातून काढली, तुटत होती म्हणून. त्या सगळ्या लीड सरसकट काढा असं मात्र सांगितलं नव्हतं, कारण काढण्यातला धोका तुटण्याच्या धोक्यापेक्षा जास्त ठरू शकतो. म्हणून आजही चार्टमध्ये ते नाव दिसलं की मी थांबते. ताम्हण, तुमच्या नोटमध्ये लीडचं मॉडेल लिहिलं असेल तर फॅसिलिटी कोडरला नक्की कळवा.

देवचाफा

मी कोडर नाही, वाचक आहे. माझे बाबा भावाकडे अमेरिकेत असतात, त्यांचं गेल्या वर्षी असंच ऑपरेशन झालं. घरी कागद आला त्यात तीन ओळी होत्या, दोनदा 'रिमूव्हल' आणि एकदा 'इन्सर्शन'. आईला वाटलं एकाच कामाचे दोनदा पैसे लावले. ती महिनाभर अस्वस्थ होती, भावाला सारखी म्हणायची, विचार तरी. हा धागा वाचून आज पहिल्यांदा समजलं. पण हॉस्पिटलचं बिल पुन्हा वेगळं का आलं?

कोकणकडा

देवचाफा, आईंना सांगा : पहिली ओळ डब्याची, दुसरी तारेची, तिसरी नवीन डबा आणि नवीन तार मिळून. डबा वरच्या वर, कातडीखाली असतो. तार शिरेतून हृदयापर्यंत गेलेली असते. ती काढणं हे डबा काढण्यात धरलेलं नाही, म्हणून दोन 'रिमूव्हल'. दुप्पट लावलेलं नाही. हॉस्पिटलचं बिल वेगळं येतं कारण तिकडे डॉक्टर आपल्या कामाचं बिल स्वतः लावतात, आणि खोली, नर्सेस, नवं उपकरण हे हॉस्पिटल लावतं. दोन्ही कागद एकाच तारखेचे असतील, कोड मात्र जुळणार नाहीत. पेशंट दाखल असेल तर हॉस्पिटल सीपीटी वापरतच नाही, आयसीडी-१०-पीसीएस वापरतं (इथे आयसीडी म्हणजे यंत्र नव्हे, कोडयादीचं नाव).

आईंची शंका रास्त होती. असा कागद आला की प्रोव्हायडरच्या बिलिंग ऑफिसला फोन करून ओळीओळीचा अर्थ विचारायचा, तो पेशंटचा हक्क आहे.

देवचाफा

आत्ताच आईला वाचून दाखवलं. 'मग ठीक आहे' म्हणाली. तिच्या तोंडून हे शब्द वर्षभराने ऐकले.

बाबांचा जुना डबा कुठे गेला असेल? आजोबा गेले तेव्हा दहनाआधी त्यांचा पेसमेकर काढून आमच्या हातात दिला होता, बॅटरी आगीत फुटते म्हणून. तो अजून कपाटात आहे.

सातभाई

तिकडे बहुतेकदा निर्मात्या कंपनीकडे तपासणीसाठी जातो, विशेषतः वेळेआधी बिघडला असेल तर. एका पेशंटचा काढलेला डबा दुसऱ्या पेशंटला बसवायला अमेरिकेत परवानगी नाही. पण मुंबईशी याचा एक धागा जुळतो. अमेरिकेत पेशंटच्या अंगातून काढलेले, बॅटरी शिल्लक असलेले आयसीडी निर्जंतुक करून मुंबईतल्या ८१ गरीब रुग्णांना बसवले होते. त्या डॉक्टरांनी २०१२ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. पुन्हा वापरल्यामुळे झालेलं एकही इन्फेक्शन त्यांना आढळलं नाही, आणि त्यातल्या कित्येक रुग्णांना योग्य वेळी शॉक मिळून जीव वाचले. नवा आयसीडी त्यांच्या आवाक्यात नव्हताच. लॅबमध्ये काढलेला डबा पिशवीत सील करताना मला दर वेळी ही गोष्ट आठवते.

ताम्हण

मंडळी, दहा दिवसांनी लिहितेय.

क्वेरीचं उत्तर आलं. डॉक्टरांनी अडेंडम (नोटला पुरवणी) जोडलाय : आरव्ही लीडमध्ये कंडक्टर फ्रॅक्चर, लीड ११ वर्षं जुनी, इनॉमिनेट शीर आणि वरच्या महाशिरेच्या जोडावर घट्ट चिकटलेली, फक्त लीड सोडवायला एक तास चाळीस मिनिटं लागली. म्हणजे टी८२.११०ए टिकला, पण आता तो डॉक्टरांच्या शब्दांवर उभा आहे. पेअर खासगी आहे, म्हणून फ्रिक्वेन्सी कोड ७ घालून दुरुस्त क्लेम पाठवला : ३३२४४-२२, ३३२४१, ३३२४९, सोबत ऑप नोट आणि अडेंडम. ३३२४१ आणि ३३२४९ मंजूर झाले. ३३२४४ चा २२ मॉडिफायर वैद्यकीय तपासणीत आहे. लीडचं मॉडेल गवतीचहा म्हणाल्या तसं फॅसिलिटी टीमला कळवलं. त्यांना वॉरंटीबद्दल काहीच माहिती नव्हती, ते आता विचारताहेत.

आज शिफ्ट सुरू होताना नवा चार्ट उघडला. शीर्षक : 'लूप रेकॉर्डर रिमूव्हल अँड ड्युअल चेंबर पेसमेकर'. (लूप रेकॉर्डर म्हणजे कातडीखाली बसवलेलं, ठोके नोंदवणारं छोटं यंत्र.) तीन रकाने पाडले आणि नोट शेवटच्या ओळीपर्यंत दोनदा वाचली. नवा जनरेटर आहे, दोन्ही लीड आहेत, पॉकेट शिवलंय, सुया-कापूस मोजलेत. लूप रेकॉर्डर बाहेर काढल्याची ओळ कुठेच नाही. म्हणून ते काढण्याचा ३३२८६ लावला नाही. क्वेरी टाकलीय.